बाबा आणि कुत्र्याची छत्री

'औषध' हा शब्द आमच्या राळेगावात जरा जपून वापरावा लागतो. कृषी केंद्रात जाऊन "औषध द्या" म्हटलं की फवारणीचं विष मिळतं. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर हेच 'औषध' फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी आणि शेतमजूर गेले. आणि अमक्यानं 'औषध घेतलं' असं कुणी रात्री फोनवर सांगितलं, तर ऐकणारा पुढचं न ऐकताच मट्‌कन खाली बसतो.

त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये आई फोनवर म्हणाली, "बाबांनी नवीन औषध घेणं सुरू केलं बरं का," तेव्हा माझ्या काळजात क्षणभर चर्र झालं. मग तिनं खुलासा केला, "मशरूमचं!"

मी हसलो. आमच्या आईनं जन्मात घरात मशरूम शिजू दिलेलं नाही. तिच्या लेखी ती सगळी कुत्र्याची छत्री. आणि आता तीच बाई कौतुकानं सांगत होती की चीन-जपानकडचं मशरूम आहे, हजारो वर्षांपासून तिकडचे लोक खातात, शुगरवर रामबाण. "घेऊ द्या, मशरूमनं काय होणार आहे," असं म्हणून मी फोन ठेवला आणि स्टँडअप कॉलला जाऊन बसलो. हे वाक्य नंतर मला बरंच महागात पडलं. असो.

थोडी पार्श्वभूमी. बाबा निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित आणि विज्ञान शिकवलं. वय ६५, नऊ वर्षांपासून शुगर, सकाळ-रात्र मेटफॉर्मिनची एकेक गोळी. मी पुण्यात, पिंपरीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये. कोड लिहितो, शनिवार-रविवारी हे असलं काहीबाही लिहितो.

दिवाळीला घरी गेलो. रात्रभर ट्रॅव्हल्सनं यवतमाळ, तिथून कळंबवरून एसटीनं राळेगाव. घरी पोचल्यावर आंघोळ करून देवाला नमस्कार करायला गेलो तर देवघराच्या फडताळात, अंगाऱ्याच्या डबीशेजारी, ती बाटली. ९० कॅप्सूल, तेराशे रुपये. सकाळी उपाशीपोटी दोन, रात्री दोन. म्हणजे बाटली बावीस-तेवीस दिवसांत संपते. बाबांची मेटफॉर्मिन महिन्याला दीडशे रुपयांच्या आत बसते, हा हिशेब मी मनातल्या मनात करून टाकला.

बाटलीसोबत रंगीत पत्रक होतं. शुगर, बीपी, गुडघेदुखी, थायरॉइड, मूतखडा, कॅन्सर... सगळं एकाच कॅप्सूलमध्ये. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. विकायला आलेला माणूस "आमचं सॉफ्टवेअर सगळंच करतं" म्हणाला की समजायचं, ते एकही गोष्ट धड करत नाही. शिवाय मधुमेह, कॅन्सर बरा करतो अशा जाहिराती करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण पत्रक हातोहात फिरतं, त्याला कोण विचारतो?

हे विकणारा माणूस मात्र परका नव्हता. तो माझा दादा, म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा. चार घरं सोडून राहतो. २०१७ च्या गुलाबी बोंडअळीनं त्याची कपाशी खाल्ली, त्यानंतरची दोन वर्षंही यथातथाच गेली. मग कुणाच्या तरी ओळखीनं तो या साखळी-विक्रीत शिरला. आधी स्वतः माल घ्यायचा, मग आणखी माणसं जोडायची. त्याच्या पडवीत कापसाच्या गंजीशेजारी खोक्यांची चळत होती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडून बसलो. ठरवलं होतं, सकाळी बाबांसमोर पुरावे आपटायचे. पण खरं सांगतो, वाचत गेलो तसा माझाच आवेश कमी झाला.

या मशरूमचं नाव गॅनोडर्मा. चिनी लोक त्याला लिंगझी म्हणतात, जपानी लोक रेशी. लाकडावर उगवतं, कवडीसारखी चकचकीत तांबूस-तपकिरी साल. गॅनोडर्मा या ग्रीक नावाचा अर्थच 'चमकदार कातडी'. भाजी करून खायची ही वस्तू नव्हे. लाकडासारखं कडक आणि कडूजहर, म्हणून उकळून काढा करायचा नाहीतर पूड करायची. चीनच्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या औषधी ग्रंथात रंगांवरून त्याचे सहा प्रकार सांगितलेत. दीर्घायुष्य देणारं म्हणून त्याची ख्याती. जंगलात सहसा सापडायचं नाही, म्हणून राजेरजवाड्यांचं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या भुशावर त्याची शेती जमली आणि ते सामान्य माणसाच्या बाटलीत आलं.

त्यात काहीच नाही असंही नाही. बीटा-ग्लुकान नावाच्या लांबलचक साखळीच्या शर्करा आहेत, त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना चाळवतात. कडूपणा देणारी ट्रायटर्पीन आहेत. काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर यांचे परिणाम दिसतात. आणि बुरशीला हसायचा आपल्याला अधिकारही नाही. मी रोज ऑफिसला जाताना ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सवरून जातो, तो पिंपरीचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पेनिसिलिन बनवायला. पेनिसिलिन म्हणजे बुरशीच. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांची सुरुवात १९७० च्या दशकात अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाला बुरशीतच सापडली. खुद्द जपाननं शिताके मशरूममधलं लेंटिनन हे द्रव्य पोटाच्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचारांच्या जोडीला वापरायला १९८५ साली परवानगी दिली.

आणि आपल्याकडेही हे आहेच. माझा एक कलीग कुडाळचा. त्याला मी रात्री अकराला मेसेज टाकला, तर त्याचं उत्तर, "अरे, आमच्याकडे फणसांबा असतो की!" कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर लाकडासारखी कडक बुरशी येते. लहान मुलाला तोंड आलं की आजी ती सहाणेवर पाण्यात उगाळून लावते. पुणे विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी या फणसांब्यावर शास्त्रीय नियतकालिकांत लिहिलंय. ही फेलिनस कुळातली बुरशी, आणि त्याच कुळातल्या तुतीवरच्या बुरशीचा काढा चीन-कोरियात शतकानुशतकं पितात. कुडाळच्या आजीला आणि कोरियातल्या आजीला एकमेकींचा पत्ता नाही, पण हात गेला तो एकाच जातीच्या बुरशीकडे! मला तर हे वाचून भारीच वाटलं.

पण फणसांबा उगाळणारी आजी "याच्यानं शुगर जाते" म्हणत नाही. ती म्हणते, तोंड आलंय, लाव. शिवाय फणसांब्याखाली माणसं जोडावी लागत नाहीत :-)

मग मी नेमका प्रश्न शोधला. शुगरच्या माणसाला गॅनोडर्मा दिलं तर काय होतं? हा प्रयोग ऑस्ट्रेलियात झालाय, २०१६ साली प्रसिद्ध झाला. टाइप-२ मधुमेह आणि मेटाबॉलिक सिंड्रोम असलेले ८४ जण. काहींना रोज तीन ग्रॅम गॅनोडर्मा, काहींना गॅनोडर्मा अधिक कॉर्डिसेप्स नावाची दुसरी बुरशी, काहींना नुसती खोटी कॅप्सूल. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नाही. १६ आठवड्यांनी तपासलं. उपाशीपोटीची शुगर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी, दोन्हींत खऱ्या आणि खोट्या कॅप्सूलमध्ये काही फरक नाही. त्याआधी २०१५ साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी अशा पाच चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, त्यांचाही निष्कर्ष तोच. कॅन्सरबद्दल त्यांचं म्हणणं, मुख्य उपचार म्हणून वापरावं असा पुरावा नाही, जोडीला देण्यावर मात्र पुढे अभ्यास होऊ शकतो.

बाटलीतल्या मालाची तर वेगळीच गंमत. अमेरिकेत विकत घेतलेली १९ गॅनोडर्मा उत्पादनं तपासली तर लेबलप्रमाणे माल फक्त ५ मध्ये निघाला (२०१७). पूड घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून आल्यात. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये.

इथपर्यंत वाचून मी झोपायला हवं होतं. पण टेबलावर बाबांची वही दिसली. ही वही दादानं सुरू केलेली. मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून ग्लुकोमीटर आणून दिला होता, तो वर्षभर खोक्यातच होता. "यूट्यूबवर बघा ना, सोपं आहे," असं मी फोनवर सांगायचो. दादानं तो बाहेर काढला, बाबांना शिकवला, आणि दर रविवारी सकाळी तो स्वतः येऊन उपाशीपोटीचा आकडा वहीत लिहायचा. अक्षर गिचमिड, पण एकही रविवार चुकलेला नाही.

ऑगस्टमध्ये १३२, १२९. सप्टेंबरमध्ये १३०. मग घटस्थापनेच्या आठवड्यात १३४. दसऱ्याला १५८. कोजागरीला १८१. आणि कालचा, दिवाळीचा आकडा, २१२.

पुढं दादाच्या अक्षरात लिहिलं होतं, "घाण बाहेर पडत आहे. चांगले लक्षण."

मी उठून औषधांचा डबा पाहिला. मेटफॉर्मिनच्या पट्ट्या जवळजवळ कोऱ्या.

सकाळी ओसरीवर बाबा चहा पीत होते. मी वही समोर ठेवली. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं. तरी चढलाच.

"गोळी कधीपासून बंद केली?"

बाबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "रात्रीची नवरात्रात. सकाळची दसऱ्यानंतर. दोन महिने दोन्ही घेतल्या, शुगर बरोबर होती. मग म्हटलं, जडीबुटीनं काम होऊन रायलं तर केमिकल कायले खाऊ?"

"अहो, दोन्ही घेत होता तेव्हा बरोबर होती ना? मग काम कुणाचं, कसं कळणार?"

खरं तर हे मला त्यांनीच शिकवलंय. सातवीत बी रुजवायचा प्रयोग. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाणी तरी नाहीतर उजेड तरी. पण हे मी बोललो नाही. बाबांनीच वही उचलली, चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवत राहिले. घटस्थापनेपाशी बोट थांबलं.

मग मी ऑस्ट्रेलियाचा प्रयोग सांगितला. मास्तर जागे झाले.

"पोरं किती होती म्हणतोस?"

"८४."

"एवढ्याशा नमुन्यावर? थोडासा फरक असंन तर दिसणार नाही त्यात."

हे बरोबर होतं. मी कबूल केलं. छोटा फायदा निसटूही शकतो. पण पत्रकात लिहिलंय तसा मोठा फायदा असता, तर ८४ जणांत तो लपला नसता.

"अन् तुह्या मेटफॉर्मिनची घेतली का कोणी अशी परीक्षा?"

घेतलीय. ब्रिटनमध्ये, निकाल १९९८ चा. वजन जास्त असलेल्या ३४२ मधुमेहींना मेटफॉर्मिन दिली, तुलनेला मुख्यतः पथ्यावरचे ४११. दहाएक वर्षं पाठपुरावा. मेटफॉर्मिनवाल्यांत मधुमेहामुळे झालेले मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी. आणि ज्याला बाबा 'केमिकल' म्हणत होते त्याचा पणजोबाही जडीबुटीच! युरोपात गॅलेगा नावाचं एक झुडूप आहे, जुन्या काळी वैदू ते वापरायचे. जनावरांना ते विषारी. त्यातल्या द्रव्याचा माग काढत रसायनशास्त्रज्ञ मेटफॉर्मिनपर्यंत आले आणि १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं मधुमेहींवरचे तिचे परिणाम प्रसिद्ध केले. म्हणजे झाडपाला विरुद्ध केमिकल हे भांडणच नाही. कोणती वस्तू, किती मात्रेत, किती माणसांवर आणि किती दिवस तपासली, एवढाच प्रश्न.

बाबांनी बाटली मागवली. भिंग आणलं. लेबलवरचं बारीक इंग्रजी वाचायला लागले आणि एका ओळीपाशी थबकले. 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. आपल्याकडे असा माल खाद्यपूरक म्हणून विकला जातो आणि हे वाक्य लेबलवर छापावंच लागतं. औषध म्हणून वापरू नये! बाबा म्हणाले, "अबे, हे तर त्यायनं सोताच लिहून ठेवलं!"

आई आतून म्हणाली, "मी म्हणतच होते, कुत्र्याची छत्री ती." (म्हणत नव्हती.)

त्याच दिवशी दवाखान्यात गेलो. एचबीएवनसी ८.३ आलं. डॉक्टर रागावले नाहीत. गोळी आजपासून सुरू करा म्हणाले, पायाची बोटं तपासली, लिव्हरची तपासणी करून घेतली. ती नॉर्मल आली. सुटलो.

दादाशी बोलायचं बाकी होतं. संध्याकाळी तो मला गाडीवर वावरात घेऊन गेला. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. धुऱ्यावर उतरल्यावर त्यानंच विषय काढला. काकूनं सांगितलं होतं त्याला.

"गोळी सोडा असं म्या काकाले कधीच नाई म्हटलं," तो म्हणाला. "आईची शपथ."

"पण आकडा वाढला तेव्हा?"

"मीटिंगमंदी त्यायनं तसंच सांगतलं ना बापू. पहिले वाढते, मंग उतरते. घाण निंगते म्हणे. मले वाटलं उतरन."

आमच्याकडे एक जुना विनोद आहे, की प्रोग्रॅममधली चूक सापडली तर ग्राहकाला सांगायचं, ती चूक नाही, ती तर सोय आहे. शुगर उतरली तर कॅप्सूलचा गुण आणि चढली तरी कॅप्सूलचाच गुण! असल्या दाव्याला हरवायची सोयच ठेवलेली नाही. हे दादानं रचलेलं नव्हतं. त्यानं ते विकत घेतलं होतं, खोक्यांसकट.

त्याच्यावर ओरडायचं बळ माझ्यात उरलं नाही. वर्षभर मी दर रविवारी फोनवर "बाकी सगळं ठीक ना?" विचारत होतो, आणि त्याच रविवारी हा माणूस माझ्या बापाचं बोट टोचून आकडा लिहीत होता. आकडा खरा लिहिला, म्हणून तर मला कळलं. बाबांनी ती बाटली चीनच्या ग्रंथावर विश्वास ठेवून घेतली नव्हती. रोज संध्याकाळी कट्ट्यावर येऊन बसणाऱ्या पुतण्यानं दिली म्हणून घेतली होती.

बोलता बोलता दादानं धुऱ्यावरच्या जुन्या, अर्धवट वाळलेल्या बाभळीकडे बोट केलं. बुडाशी तळहाताएवढी तपकिरी, चकचकीत बुरशी. "हे तेच हाये ना? फोटोत असंच असते."

असेल. गॅनोडर्माच्या कितीतरी जाती आहेत, महाराष्ट्रातही झाडांच्या बुडाशी उगवतात आणि झाड आतून कुजवतात. जगभर ज्याला गॅनोडर्मा ल्युसिडम म्हणत आले ते चीनचं लिंगझी वेगळीच जात आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१२ साली ठरवून त्याला नवं नाव दिलं. जिथं त्यांचा गोंधळ होतो तिथं आपण धुऱ्यावरचं तोडून काढा करायचा, हा धंदा जिवावरचा. मी दादाला तेवढं बजावलं. तो म्हणाला, "हाव. पण एक तुकडा काकाले दाखवाले नेतो."

न फोडलेल्या दोन बाटल्या त्यानं परत नेल्या, पैसे दिले. माझ्याकडून घेताना जसे मोजले होते तसेच मोजून. बाकीची खोकी अजून त्याच्या पडवीत आहेत. तो हे काम सोडेल का, मला माहीत नाही. सोडून करेल काय, हेही मला सांगता आलं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा तपासणी झाली. एचबीएवनसी ७.१. मी फोनवर जरा जास्तच खूश झालो. तर मास्तर म्हणाले, "थांब. गोळी सुरू केली, पण मी अन् तुहा दादा रोज कळंब रोडनं फिराले बी जातो. दोन गोष्टी बदलल्या. सारे मार्क गोळीले देऊ नको."

परवाच्या वीकेंडला घरी जाऊन आलो. देवघराच्या फडताळात बाटली नव्हती. बाबांच्या टेबलावर, वहीशेजारी, एक बरणी दिसली. शाळेच्या प्रयोगशाळेत असायची तशी. आत धुऱ्यावरच्या बुरशीचा वाळलेला तुकडा. बाहेर चिकटवलेल्या चिठ्ठीवर बाबांचं वळणदार अक्षर:

'गॅनोडर्मा (बहुतेक). जुनी बाभूळ, धुरा. पोटात घेऊ नये.'